गेमिंग पीसीच्या पंख्यांचा आवाज : आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय करता येईल?

गिरणाकाठ, चाळीसगाव

राम राम मंडळी,

पीसी दोन वर्षांचा आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि जुन्या पीसीतून काढून लावलेली १ टीबीची हार्ड डिस्क. कॅबिनेट समोरून काचेचं, काचेमागे तीन रंगीत पंखे, मागच्या बाजूला एक. प्रोसेसरवर डब्यात आलेला छोटा कूलर. मॉनिटर ७५ हर्ट्झचा.

हिवाळ्यात आवाज होता, पण एकसारखा होता, त्यामुळे सवय झाली होती. होळी झाली आणि तेव्हापासून तो खालीवर व्हायला लागला. नुसतं ब्राउझर उघडलं तरी पंखे वाढतात, पुन्हा उतरतात, पुन्हा वाढतात. गेम सुरू केला की शेजारच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबची, एक भिंत पश्चिमेची. रात्री अकरापर्यंत स्लॅब गरमच.

धाकटी बहीण नीटची तयारी करतेय आणि तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. ती तक्रार करत नाही, कानात कापूस घालून वाचत बसते. मला ते पाहवत नाही.

नवीन पीसी घेणं शक्य नाही. तीन-चार हजारांपर्यंत खर्च करू शकतो. गेम खेळायचे आहेत, पण शेजारी बसून कोणाला अभ्यास करता आला पाहिजे. कुठून सुरुवात करू?

पांझरा, धुळे

भाऊ, आधी आवाज नेमका कुठला ते शोध. समोरचे पंखे, प्रोसेसरचा कूलर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, पाचांपैकी कोणीही असू शकतं. बाजूचं झाकण काढ, गेम चालू ठेव आणि एकेका पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून तो दोन-तीन सेकंद थांबव. पात्यांना हात लावू नको. कोणता थांबल्यावर खोली शांत होते ते लगेच कळतं. पॉवर सप्लायच्या पंख्याला मात्र हात घालायचा नाही. त्यासाठी कागदाची लांब नळी कानाला लाव आणि ऐक.

दुसरं, समोरचे तीन पंखे कशाला जोडलेत? मदरबोर्डला की थेट पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनी मोलेक्सला? फोटो टाक.

केळीबाग, रावेर

मी तर एप्रिल ते जून बाजूचं झाकण काढूनच ठेवतो आणि टेबल फॅन लावतो. तापमान बरंच उतरतं. करून बघा, खर्च काही नाही.

वाघूर रिपेअर, जळगाव

केळीबाग भाऊ, झाकण काढल्यानं तापमान उतरतं हे खरं. पण मग आतला आवाज अडवायला काही उरत नाही आणि धूळ सरळ बोर्डावर बसते. गिरणाकाठ यांची अडचण आवाजाची आहे, त्यांना हा उपाय उलटा पडेल. झाकण काढून बघायचं ते फक्त तपासणीसाठी. काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तापमान चांगलंच खाली आलं तर समजायचं की कॅबिनेटला हवा मिळत नाही. तीच तपासणी समोरची काच काढूनही करा. काच आणि पंखा यांच्यात बोटभरच जागा असेल तर ते तीन पंखे नुसता आवाज करतात, हवा ओढतच नाहीत.

माझं दुकान गोलाणी मार्केटमध्ये आहे आणि उन्हाळ्यात माझ्याकडे "आवाज येतो" म्हणून येणाऱ्या पीसींमध्ये नवीन सामान लागतं असे फार थोडे असतात. बहुतेकांचं दुखणं आतल्या कचऱ्यात असतं. आपल्या भागाचा कचरा कसला ते नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या व्हिडिओत दाखवतात ती धूळ आणि आपली धूळ एक नाही.

एक म्हणजे कापूस. जिनिंगच्या जवळपास घर असेल किंवा घरातच कापूस भरून ठेवलेला असेल तर त्याचे बारीक तंतू हवेत असतात. ते कूलरच्या पंख्यातून आत जातात आणि पंखा व ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मधोमध अडकतात. तिथं हळूहळू नमद्यासारखा थर तयार होतो. वरून बघितलं तर कूलर स्वच्छ दिसतो, कारण थर पंख्याच्या खाली आहे. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. मी असे थर चिमट्यानं अखंड उचलून काढलेत.

दुसरी घरघंटी. ज्या घरात घरघंटी आणि पीसी एकाच खोलीत आहेत तिथं पीठ आत जातं. पावसाळ्यात दमट हवेत ते चिकटतं आणि नंतर ब्लोअरनंही निघत नाही, ब्रश लागतो. तिसरं उदबत्ती-धूप. देवघराशेजारी ठेवलेल्या पीसीत तेलकट काजळी बसते आणि तिच्यावर बाकीची धूळ पकडून राहते.

साफ कसं करायचं? पीसी अंगणात न्या. साधा इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारू नका, त्या टाकीत पाणी आणि तेल असतं आणि दाबही जास्त असतो. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा पेन्सिलीनं किंवा बोटानं अडवून धरा. मोकळा सोडला तर तो त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो, बेअरिंग जातं, आणि पंखा त्या वेळी उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो. प्रोसेसरचा कूलर काढलाच तर दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय परत बसवायचा नाही.

वर्षातून दोनदा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एकदा, म्हणजे वावटळी सुरू असल्या तरी मे महिन्याला तोंड द्यायला पीसी तयार असतो. आणि दिवाळीनंतर कापसाचा जोर ओसरला की एकदा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

पांझरा भाऊ, वाघूर भाऊ, खूप आभार. तपासलं.

समोरचे तिन्ही पंखे मोलेक्सला जोडलेले आहेत. जोडणाऱ्यानं तसेच दिले होते. तिघं कायम पूर्ण वेगानं फिरतात, म्हणजे तो "एकसारखा" आवाज त्यांचाच. मोलेक्सच्या वायरीतूनच एक छोटी तीन पिनी वायर निघालेली आहे, ती मोकळी लोंबतेय.

खालीवर होणारा आवाज प्रोसेसरच्या कूलरचा. पंखा काढून बघितला आणि वाघूर भाऊंनी लिहिलं तसंच निघालं, पांढरा-करडा थर. आमच्या घरामागे कापसाचं गोदाम आहे.

गेम चालू असताना सर्वात मोठा आवाज मात्र ग्राफिक्स कार्डाचा. समोरची काच काढल्यावर कार्डाचं तापमान ८३ वरून ७६ वर आलं. प्रोसेसर गेममध्ये ८५-८८.

पांझरा, धुळे

ती लोंबणारी तीन पिनी वायर हाच तुझा पहिला उपाय आहे आणि तो जवळपास फुकट आहे. मोलेक्स काढ, तीन पिनी वायर मदरबोर्डच्या सिस्टीम फॅन हेडरला, म्हणजे पंख्यासाठीच्या पिनांच्या जागेला, लाव. हेडर चार पिनी असला तरी तीन पिनी त्यात बसते. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) त्या हेडरला पीडब्ल्यूएमऐवजी, म्हणजे चौथ्या पिनीवरून वेग ठरवण्याऐवजी, डीसी मोड दे. तीन पिनी पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो. पीडब्ल्यूएमवर ठेवलास तर तो पुन्हा पूर्ण वेगानंच फिरेल आणि तुला वाटेल काही फरक पडला नाही.

हेडर साधारण १ अँपिअरचा असतो. असे तीन पंखे मिळून सहसा त्याच्या आत राहतात, पण पंख्यावरच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात, ते बेरीज करून बघ आणि मगच एका हेडरवर तिघांसाठी स्प्लिटर लाव. चारशे-पाचशेच्या आत काम होतं.

दीपनगर निवृत्त, भुसावळ

मी औष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालो. बॉयलरला हवा देणारे एफडी फॅन आणि धूर ओढणारे आयडी फॅन यांच्यासोबत माझी नोकरी गेली. नातवासाठी पीसी बनवला तेव्हा लक्षात आलं की तिथले नियम इथं जसेच्या तसे लागू पडतात. गिरणाकाठ, तू विद्यार्थी दिसतोस, म्हणून आकडे देतो.

पंखा तोच ठेवून फक्त वेग बदलला तर हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. आवाजाचा ढोबळ हिशोब असा की वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबल उतरतो. १० डेसिबलची घट कानाला जवळपास निम्म्या आवाजासारखी वाटते, त्यावरून १५ किती ते समज. १२०० फेऱ्यांवरून ९०० वर आलास तरी ६ डेसिबल सुटतात.

आता याच्या जोडीला दुसरा नियम ठेव. सारखे आवाज करणारे दोन पंखे एकत्र लावले तर बेरीज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगानं पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगानं चालव. हवा तेवढीच, आवाज साधारण १२ डेसिबलनं कमी. म्हणून पंखे कमी करणं हा आवाज कमी करण्याचा मार्ग नाही. पंखे पुरेसे ठेवायचे आणि सगळे सावकाश चालवायचे.

मोठा व्यास घेणं हीसुद्धा तीच गोष्ट. १४० मिलिमीटरचा पंखा १२० च्या पंख्याइतकी हवा जवळपास दोन तृतीयांश वेगात देतो. सगळा हिशोब मांडला तर तेवढ्याच हवेला ५ डेसिबलच्या आसपास फायदा होतो. कॅबिनेटमध्ये १४० ची भोकं असतील तरच विचार कर.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. पंख्याच्या तोंडाशी अडथळा नको. आमच्याकडे पूर्वी हवा कमी करायची तर डँपर, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपा, बंद करायचे. पंखा तसाच फिरायचा, वीज खायचा, आवाज करायचा आणि हवा मात्र मिळायची नाही. नंतर वेगच बदलता येऊ लागला तेव्हा ही उधळपट्टी थांबली. तुझी समोरची काच म्हणजे बंद डँपर आहे. काच काढल्यावर ७ अंश उतरले हा त्याचा पुरावा. काच कायमची काढ आणि तिथं नायलॉनची बारीक जाळी लाव. मच्छरदाणीची जाळी चालते, चौकटीला चुंबकाची पट्टी चिकटव म्हणजे दर पंधरवड्याला काढून धुता येईल. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नकोस.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त राहू दे. तुझे समोर तीन आणि मागे एक आहेत, ते योग्य आहे. मग हवा जाळीतूनच आत येते, फटींतून धूळ ओढली जात नाही.

आमराई, अमळनेर

काकांची पोस्ट जपून ठेवावी अशी. पण मला या धाग्यात एक गोष्ट अजून आलेली दिसत नाही, आणि आपल्या खानदेशात ती सगळ्यात आधी यायला हवी.

आवाज पंख्याचा असला तरी तो उष्णतेमुळे होतो. आणि उष्णता म्हणजे वॅट. पंखा उष्णता संपवत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. गेम खेळताना तुमचा पीसी अडीचशे-तीनशे वॅट घेत असेल तर ते सगळे वॅट शेवटी त्या खोलीतच उतरतात, पंखे कितीही चांगले लावा.

इंटरनेटवर कूलरच्या आणि कॅबिनेटच्या ज्या चाचण्या आपण वाचतो त्या साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. "या कूलरवर प्रोसेसर ६८ अंश" असं लिहिलेलं असतं. खोली जितकी गरम तितकंच प्रोसेसरचं तापमान वर सरकतं, जवळपास अंशाला अंश. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४४-४५ असतं आणि वरच्या मजल्यावरची खोली ४० ची असते. म्हणजे ते ६८ आपल्याकडे ८५ होणार. त्यात कूलरचा दोष नाही. पण बायोसमधला पंख्यांचा आलेख हा त्या थंड खोलीसाठी आखलेला असतो. ५० अंशांवर पंखा निम्म्या वेगाला जावा असं त्यात लिहिलेलं असेल तर आपला प्रोसेसर नुसता बसून ५० वर आहे! ब्राउझर उघडला की ६५, बंद केला की ५२. गिरणाकाठ यांचा खालीवर होणारा आवाज हा आहे.

मी काय केलं ते क्रमानं सांगते. पंखे विकत घेण्याआधी हे सगळं करा, कारण यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

सर्वांत आधी फ्रेम बांधा, म्हणजे कार्डानं सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला मर्यादा घाला. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, तो सेकंदाला ७५ चित्रंच दाखवू शकतो. व्हॅलोरंटसारखा हलका गेम ३०६० वर सहज अडीचशेच्या पुढे पळतो आणि कार्ड त्या न दिसणाऱ्या चित्रांसाठी तापत राहतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंग्जमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, तिथं ७५ टाका. एएमडीच्या कार्डांसाठी रेडिऑन चिल आहे. हलक्या गेममध्ये या एका सेटिंगनं कार्डाचे वॅट निम्म्यावर येऊ शकतात. गेमच्या मेनूत कार्ड "चीं" असा बारीक आवाज करत असेल तर तो पंखा नाही, कार्डावरच्या कॉइलचा आवाज आहे. फ्रेम बांधल्या की तोही बराच कमी होतो.

मग कार्डाचं व्होल्टेज. कारखान्यातून कार्ड येतं तेव्हा सगळ्यात कमकुवत चिपसुद्धा चालावी एवढं व्होल्टेज दिलेलं असतं. आपल्या चिपला बहुधा त्यापेक्षा कमी पुरतं. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. ०.८७५ व्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर आणा आणि त्यापुढची रेष सपाट करा. मग आवडता जड गेम तासभर खेळा. बंद पडला तर मेगाहर्ट्झ थोडे कमी करा. ३०६० चं ठरलेलं वॅटेज १७० आहे. माझं कार्ड याच पद्धतीनं १३० च्या आसपास आलं आणि फ्रेममधला फरक मला जाणवत नाही. आलेखाशी खेळायचं नसेल तर नुसती पॉवर लिमिट ८० टक्के करा, तेही चालतं.

प्रोसेसरला हेच. ५६०० हा ६५ वॅटचा म्हणतात, पण प्रत्यक्षात त्याला ७६ वॅटपर्यंत घ्यायची मुभा असते. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्टच्या मर्यादांमध्ये पीपीटी, म्हणजे ही वॅटची कमाल मर्यादा, ६० करा. गेममध्ये फरक शोधावा लागतो.

आणि आता आलेख. प्रोसेसरचा पंखा ६५ अंशांपर्यंत ३५ टक्क्यांवर स्थिर ठेवा, ७५ ला ५५, ८५ ला ८५, त्यापुढे पूर्ण. "स्टेप अप" नावाची वेळ बायोसमध्ये असते, ती वाढवा, म्हणजे क्षणभर तापमान उडालं तर पंखा लगेच धावणार नाही. समोरचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर नकोत, ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर ठेवा, कारण गेममध्ये खरी उष्णता तिथं आहे. बायोसला बहुधा कार्डाचं तापमान दिसत नाही. त्यासाठी फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे.

कार्डाचे पंखे कमी तापमानाला पूर्ण थांबतात, ती सोय थंड प्रदेशात छान आहे. आपल्याकडे कार्ड त्या सीमेवरच घुटमळतं आणि पंखे सुरू-बंद, सुरू-बंद करतात. बहिणीच्या अभ्यासात त्याचाच जास्त त्रास होत असेल. सतत ३० टक्क्यांवर फिरू द्या. तो आवाज कळत नाही, पण मिनिटा-मिनिटाला सुरू होणारा पंखा कळतो.

मी दोन प्रोफाइल ठेवले आहेत, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री १० अंशांच्या खाली पारा जातो, तेव्हा उन्हाळी आलेखाची गरज नसते.

पांझरा, धुळे

ताई, दोन शंका आहेत. फ्रेम जास्त असल्या तर माऊसचा प्रतिसाद जलद वाटतो, मॉनिटर ७५ चा असला तरी. आणि पंखे असे सावकाश ठेवून प्रोसेसर ८५ वर राहिला तर आयुष्य कमी होणार नाही का?

आमराई, अमळनेर

पहिली शंका बरोबर आहे. स्पर्धेत खेळणाऱ्यानं १२० किंवा १४४ वर बांधावं. पण मोकळं सोडू नये. रात्री शेजारी कोणी वाचत असताना ७५ आणि बाकी वेळी १४४, असं प्रत्येक गेमसाठी वेगळं ठेवता येतं.

दुसरीबद्दल : ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे आणि ३०६० ची ९३. मर्यादेजवळ गेले की ते स्वतःच वेग कमी करतात. रायझन ७००० मालिका तर पूर्ण भारावर ९५ पर्यंत जायला म्हणूनच बनवली आहे. तरीही मी स्वतः उन्हाळ्यात प्रोसेसर ८२ च्या खाली आणि कार्ड ७८ च्या खाली ठेवते, कारण दुपारी लाइट गेली आणि खोली अजून तापली तर हाताशी जागा हवी. वॅट कमी केले की ही जागा आपोआप मिळते. पंखे दाबून शांतता मिळवली तर मिळत नाही.

साक्रीकर

भाऊ, मन्हाकडेबी हाऊच तरास शे. वॉटर कूलर लावला तर? दुकानदार म्हणतो आवाज पूर्ण बंद होईल.

वाघूर रिपेअर, जळगाव

साक्रीकर भाऊ, पूर्ण बंद होत नाही. पाण्याच्या कूलरलाही रेडिएटरवर पंखे असतात, त्यात पंपाची घूं वाढते. आणि तो सुद्धा खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. जास्त वॅटच्या मोठ्या प्रोसेसरला त्याचा उपयोग आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरला १२० मिलिमीटर पंख्याचा एकमजली टॉवर कूलर, डीपकूल एके ४०० सारखा, पुरून उरतो. दोन-अडीच हजारांत बसतो. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा, टॉवर बोर्डापासून बाजूच्या झाकणाकडे उंच असतो.

आतून फोम लावलेले "सायलेंट" कॅबिनेटही विचारतात लोक. फोम बारीक आवाज अडवतो, पण हवाही कोंडतो. आपल्या उन्हाळ्यात मी ते सुचवत नाही.

खोलीत पाण्याचा डेझर्ट कूलर असेल तर पीसीला फायदाच आहे, आपला उन्हाळा कोरडा असल्यानं खोली बरीच उतरते. झोत मात्र थेट कॅबिनेटवर नको, तुषार येतात. आणि एक खिडकी उघडी ठेवा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सगळ्यांचं ऐकून जे केलं ते लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

थर काढला, नवीन पेस्ट लावली. समोरचे पंखे हेडरवर, डीसी मोड, स्प्लिटर आणला. काच काढून जाळी लावली. जाळीला चौकट वडिलांनी करून दिली. फ्रेम ७५ वर बांधल्या, कार्ड ०.८७५ व्होल्टवर १७७५ ला स्थिर झालं, १८०० ला एक गेम बंद पडत होता. आमराई ताईंचा आलेख जवळपास तसाच घेतला. टॉवर कूलर वाघूर भाऊंनी सांगितला तो घेतला, कारण डब्यातला कूलर दुपारी अजूनही वर चढत होता.

आता रात्री गेममध्ये कार्ड ७२, प्रोसेसर ७०. समोरचे पंखे ७०० फेऱ्यांच्या आसपास. टॉवर कूलरसकट सगळा खर्च तीन हजारांच्या आत. बहिणीनं कापूस घालणं बंद केलंय. ताई, काका, दोघा भाऊंचे मनापासून आभार.

दोन गोष्टी राहिल्या. समोरचे पंखे एका ठरावीक वेगाला, ९५० ते १०५०, घुमतात. त्याच्या खाली नाही, वर नाही. आणि गेम बंद असतानाही टेबलातून एक मंद घरघर येते.

दीपनगर निवृत्त, भुसावळ

पहिला अनुनाद आहे. पंख्याची कंपनं आणि पत्र्याची स्वतःची कंपनं त्या वेगाला जुळतात. आमच्याकडे अशा वेगावर यंत्र थांबू द्यायचं नाही हा नियम होता, भरकन पुढे न्यायचं. तूही तेच कर. आलेखात ९०० नंतर सरळ ११०० ठेव, मधे पायरीच नको. फॅन कंट्रोलमध्ये तसं आखता येतं. सोबत स्क्रूखाली रबर दे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून चालतील.

घरघर हार्ड डिस्कची असणार. ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० आवर्तनं, तो खर्जाचा आवाज पत्र्यातून टेबलाच्या प्लायमध्ये उतरतो आणि पोकळ टेबल तो वाढवतं. खात्री करायची तर पीसी चालू असताना कॅबिनेट दोन्ही हातांनी अलगद उचलून धर. आवाज गेला तर तेच. चारही पायांखाली जाड रबर दे, डिस्कच्या स्क्रूंनाही दे. चालू असताना डिस्कला हिसका मात्र बसू देऊ नकोस.

केळीबाग, रावेर

वाघूर भाऊंच्या सांगण्यावरून मी झाकण परत लावलं आणि पीसी साफ केला. माझा मागचा पंखा मात्र कर्रकर्र करतो, सुरू झाल्यावर पाचेक मिनिटं, मग थांबतो. धूळ नाही त्यात.

वाघूर रिपेअर, जळगाव

स्लीव्ह बेअरिंगचं तेल वाळलंय. गरमीत ते लवकर वाळतं. पंख्याच्या मागचं स्टिकर अर्धं उचला, खाली रबरी टोपण असेल तर ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो असलेलं तेलही धुऊन काढतो. हा उपाय काही आठवड्यांचा आहे, तेवढ्यात नवीन पंखा बघा. घेताना फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा घ्या, आपल्या हवेत तो जास्त टिकतो.

तोरणमाळ रस्ता, शहादा

आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टरवर पीसी चालतो आणि तेव्हाच पॉवर सप्लायमधून भुणभुण येते. पंखा बदलावा का?

वाघूर रिपेअर, जळगाव

नाही. लाइट आल्यावर भुणभुण थांबत असेल तर पंख्याचा संबंध नाही. स्वस्त इन्व्हर्टर आणि यूपीएस शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, चौकोनी लहर देतात, आणि नवीन पॉवर सप्लायमधल्या कॉइल त्यावर गुणगुणतात. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच त्यावरचा इलाज. तोपर्यंत इन्व्हर्टरवर गेम खेळू नका, भार कमी असला की भुणभुणही कमी होते.

पॉवर सप्लाय उघडायचा विचार कोणीही करू नका, पंखा बदलायलासुद्धा नाही. वायर काढून ठेवल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. वॉरंटीत असेल तर बिल शोधा आणि बदलून घ्या.